रॉकेट तिरुपतीला, माणूस गटारात

धर्माचं आता काय काम, असं आपल्यातलीच शिकलेली पोरं हल्ली तोंडावर विचारतात. संविधान आहे, कॉम्प्युटर आहे, हातात मोबाईल आहे, आता तर यंत्र माणसासारखं लिहितंय नि बोलतंय. मग वंदना कशाला, पंचशील कशाला, बावीस प्रतिज्ञा कशाला? असं कुणी विचारलं की जुने कार्यकर्ते डोळे वटारतात. मी वटारत नाही. बाबासाहेबांच्या माणसानं प्रश्न विचारायचा नाही तर कुणी विचारायचा? फक्त या प्रश्नाच्या पोटात एक समजूत दडलीय, ती मला मान्य नाही. ती अशी, की यंत्र आलं की श्रद्धा आपोआप पातळ होते. बत्ती लावली की अंधार जातो, तसं. ही समजूत पांढरपेशा पुरोगाम्यांनी पेरली आणि आपण ती तपासून न बघता उचलली.

तपासूया.

चांद्रयान-३ जुलै २०२३ मध्ये उडालं आणि २३ ऑगस्टला चंद्रावर उतरलं. उडायच्या आधी शास्त्रज्ञ यानाची लहान प्रतिकृती घेऊन तिरुपतीला जाऊन आले. हे नवीन नाही, उड्डाणाआधीची ही त्यांची नेहमीची वाट आहे. कुणाच्या खाजगी भक्तीबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला एवढंच दाखवायचंय की देशातलं सगळ्यात अवघड गणित ज्यांना येतं, त्यांच्या खिशात गणित आणि बालाजी दोन्ही गुण्यागोविंदानं नांदतात. भांडण होत नाही.

यंत्रानं श्रद्धा मारली नाही, उलट तिला चाकं लावली. १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर रामायण सुरू झालं. लोक आंघोळी करून टीव्हीसमोर बसले, टीव्हीला हार घातले, उदबत्त्या ओवाळल्या. आणि १९८८ मध्ये जालंधर आणि उत्तरेतल्या आणखी काही शहरांत सफाई कामगारांनी संप केला. वाल्मीकी समाजाची माणसं. पगारासाठी नाही, गमबूट-हातमोज्यांसाठी नाही. मालिका थांबवू नका, पुढची कथा दाखवा, वाल्मीकी दाखवा, म्हणून. मित्रांनो, हा प्रसंग मला वर्षानुवर्षं छळतोय. झाडू खाली ठेवला तर शहर नाक मुठीत धरून शरण येतं, एवढी ताकद त्या हातांत होती. ती ताकद वापरली गेली कशासाठी, ते बघा. त्यांना हसू नका. ज्याला गावात, बाजारात, ऑफिसात कुठंच मान नाही, तो मान शोधतो पुराणात. तिथं तरी आपलं कुणीतरी पोथी लिहिताना दिसेल, ही ती भूक.

२१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला, तीही बातमी टेलिफोनवरून एका दिवसात देशभर आणि देशाबाहेर गेली. शास्त्रज्ञांनी रंगीत दूध घेऊन दाखवलं की थेंब मूर्तीवरून खाली ओघळतोय. कुणी पाहिलं? रांगा तर मंदिराबाहेर होत्या.

मी स्वतः बरीच वर्षं एका कारखान्यात लेथवर काम केलं. खंडेनवमीला मशीनला झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. पुढं कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आली, तर त्यांच्याही स्क्रीनवर कुंकवाचं बोट उठलं. मशीनची पूजा सगळे करत, पण पूजा कुणाच्या हातून व्हायची नि प्रसाद कुणाच्या हातून वाटायचा, हे न बोलता ठरलेलं असायचं. वर्षभर मशीनला हात लावणारा हात त्या दिवशी मागं राहायचा. आमच्यातल्या कुणी नारळ फोडायला पुढं व्हायचं नाही, आणि कुणी बोलवायचंही नाही. मी बौद्ध, मला नारळ फोडायचाच नव्हता, तो भाग वेगळा.

हे आजचं झालं. शंभर वर्षं मागं जा. मुंबईच्या कापड गिरण्यांत लँकेशायरची यंत्रं घरघरत होती. यंत्राला जात नसते म्हणतात. पण विणकर खात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नवी भरायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचं. एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. आणि महाराची थुंकी लागलेला धोटा मराठा कामगार तोंडात कसा धरणार! म्हणून जास्त पगाराचं विणकर खातं बंद, कमी पगाराची खाती उघडी. कामगार एक, मालक एक, लाल बावटा एक, पण थुंकी वेगळी. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी आग्रह धरला की हा सवाल मागण्यांत घाला. पुढाऱ्यांनी घातला, पण नाखुशीनं.

ज्यांना वाटतं की उद्योग वाढले की जात वितळेल, त्यांनी हा धोटा आठवावा. यंत्र कुठंही थेट येत नाही. ते माणसाच्या हातातून येतं, तोंडातून येतं, आणि त्या हाताला नि तोंडाला आधीच धर्म शिकवलेला असतो.

आता गटाराकडे या. हातानं मैला साफ करण्याविरुद्ध पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. २७ मार्च २०१४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना दहा लाख द्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख झाली. केरळातल्या पोरांनी गटारात उतरून साफ करणारा यंत्रमानव बनवला, तो २०१८ मध्ये तिरुवनंतपुरमला कामालाही लागला. म्हणजे कायदा आहे, कोर्ट आहे, यंत्र आहे. तरी माणूस उतरतोय नि गुदमरून मरतोय. मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत पोचलं. एवढ्या लांबचं जमतं आणि रस्त्याखालच्या पंधरा फुटांचं जमत नाही, याला तंत्रज्ञान कमी पडतं असं कोण म्हणेल? कमी पडते ती गरज वाटणं. ते काम करायला एक जात जन्माला घातलेलीच आहे, ती स्वस्त आहे, ती मेली तरी चालते, ही श्रद्धा आहे. देवळात न जाणारा नास्तिक इंजिनियरही ही श्रद्धा पाळतो. कुंडल्या जुळवणारं सॉफ्टवेअर तयार करणारा पाळतो. लग्न जमवणाऱ्या वेबसाईटवर पोटजातीचा रकाना ठेवणारा पाळतो.

तेव्हा धर्म उरलाय का हा सवालच उरत नाही. ज्याला आपण जात म्हणतो तो या देशाचा खरा चालू धर्म आहे, आणि तो विजेवर उत्तम चालतो. सवाल एवढाच, की त्याच्या समोर आपण काय उभं करणार. नुसतं यंत्र?

इथं बाबासाहेब वाचावे लागतात, आणि सगळे वाचावे लागतात. यंत्राच्या बाजूनं त्यांच्याइतकं ठामपणे बोलणारा माणूस त्या काळात शोधून काढावा लागेल. गांधींनी १९०९ च्या 'हिंद स्वराज'मध्ये रेल्वेला आणि यंत्राला नावं ठेवली. बाबासाहेबांनी १९४५ च्या काँग्रेस-गांधींवरच्या पुस्तकात त्याचा हिशेब चुकता केला. त्यांचं म्हणणं असं, की दोष यंत्राचा नाही, समाजाच्या रचनेचा आहे. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते, आणि फुरसत असेल तरच माणूस जनावरासारखं राबणं सोडून माणसासारखा जगतो. ज्यांच्या पिढ्यांना फुरसत म्हणजे काय ते माहीत नव्हतं, त्यांच्या बाजूनं हे बोलणं आहे. आणि नुसतं बोलणं नाही. १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात श्रमखातं सांभाळताना धरणं, वीज, दामोदर खोऱ्याची योजना या कामांत ते बुडालेले होते.

आणि हाच माणूस शेवटची वर्षं आजारी शरीरानं, दुखऱ्या डोळ्यांनी कशात घालवतो? बुद्धावरचा ग्रंथ लिहिण्यात. वीज कळणारा माणूस. धरण कळणारा माणूस. आपल्यातले मार्क्सवादी मित्र याला थकवा म्हणाले, माघार म्हणाले. १९७२ ला पँथर निघाली नि १९७४ ला फुटली, ती याच ओढाताणीत: बुद्ध का मार्क्स. दोन्ही बाजूंनी किती शाई सांडली! पण ग्रंथ उघडून, ओळीला ओळ लावून किती जणांनी वाचला, देव जाणे. (देव नाही, हे मला माहीत आहे. म्हणायची सवय.)

'द बुद्ध अँड हिज धम्म' १९५७ ला, बाबासाहेब गेल्यावर, छापून आला. सुरुवातीलाच त्यांनी चार प्रश्न टाकलेत, आणि माझ्या मते साऱ्या ग्रंथाची नाडी तिथं आहे. पहिला प्रश्न, सिद्धार्थानं घर का सोडलं? परंपरा सांगते, म्हातारा पाहिला, आजारी पाहिला, प्रेत पाहिलं. बाबासाहेब विचारतात, एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर यातलं काहीच पाहिलं नव्हतं? हा प्रश्न आमच्या वस्तीतली म्हातारीही विचारेल. भक्त मात्र अडीच हजार वर्षं विचारत नव्हते.

मग ते दुसरी हकीगत पुढं ठेवतात. रोहिणी नदीचं पाणी. शाक्य आणि कोलिय दोघांची शेती त्यावर. पाण्यावरून मारामारी होते, सेनापती युद्धाचा ठराव आणतो. सिद्धार्थ विरोधात उभा राहतो, मतं पडतात, तो हरतो. संघाचं मानायचं नाही तर शिक्षा, घरच्यांवर बहिष्कार. तो घरच्यांना तोशीस नको म्हणून स्वतः देश सोडायचं कबूल करतो. पुढं कळतं की तंटा मिटला, घरी परत जायला हरकत नाही. पण तो जात नाही. राजाराजांतलं युद्ध अधूनमधून होतं, वर्गावर्गातलं भांडण कायम चालू असतं, दुःखाचं मूळ ते, हे त्याच्या लक्षात आलेलं असतं.

वाचताना महाडचं तळं आठवल्याशिवाय राहतं का? २० मार्च १९२७. ओंजळभर पाणी. आणि नंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे १०८ घडे ओतून ते तळं 'शुद्ध' केलं. पाण्याचं रसायन तेच होतं. कुठल्याही प्रयोगशाळेत नेलं असतं तर आमच्या ओंजळीनं पाणी बिघडल्याचं निघालं नसतं, घड्यांनी बिघडल्याचं नक्की निघालं असतं. पण तिथं प्रयोगशाळेला विचारतंय कोण. ज्यानं तळं पाहिलं तोच बुद्धचरित्रातली रोहिणी अशी पुढं आणू शकतो. बुद्धाच्या गृहत्यागाचं कारण त्यांनी आभाळातून काढून पाण्याच्या वादात, मतदानात, बहिष्कारात आणून ठेवलं. १९५९ मध्ये 'महाबोधी' मासिकानं टीका केली, की हा बुद्धाचा नाही, आंबेडकरांचा धम्म आहे. टीका म्हणून ती केली, मला ती पावती वाटते.

दुसरा नि तिसरा प्रश्न दुःखाचा आणि आत्मा-कर्म-पुनर्जन्माचा. जन्म दुःख, मरण दुःख, सगळंच दुःख असेल तर माणसाला आशा कुठली, असं ते विचारतात. आणि आत्मा नाही म्हणता तर मागच्या जन्मीचं कर्म कोण वाहून आणतं? हा सवाल पंडिती नाही. 'मागच्या जन्मीचं पाप' या तीन शब्दांवर आपल्या बापजाद्यांना गावाबाहेर ठेवलं गेलं. ते तीन शब्द बौद्ध धर्मातूनही मागच्या दारानं घरात येऊ नयेत, म्हणून दाराला आडणा लावलाय.

पण एका जागी मला अडतं, ते बोललं पाहिजे. पुनर्जन्माचं काय करायचं तर बाबासाहेब म्हणतात, आत्म्याचा नाही, भौतिक द्रव्यांचा पुनर्जन्म. मेल्यावर शरीरातली तत्त्वं निसर्गातल्या तत्त्वांत मिसळतात, ऊर्जा नष्ट होत नाही, आणि हे विज्ञानाला धरून आहे. हेतू समजतो. पण मला इथं ग्रंथ थोडा उणा वाटतो. रोहिणीच्या प्रकरणाला विज्ञानाचा दाखला लागत नाही, ते स्वतःच्या पायावर उभं आहे. इथं मात्र भौतिकशास्त्राच्या खांद्यावर हात ठेवावा लागतो. विज्ञानाची पुस्तकं बदलतात. धम्माला त्यांच्या सर्टिफिकिटाची गरज लागू नये. त्याच ग्रंथात बुद्धवचन ओळखायच्या कसोट्या दिल्यात: बुद्धीला पटेल ते, माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध आहे ते. दुसरी कसोटी मला मोठी वाटते. त्या कसोटीवर पुनर्जन्माचा सगळा विषयच बाजूला ठेवता येतो.

हे मी मुद्दाम बोलतोय, कारण या एका फटीतून आपल्याकडे आता पूर आलाय. मोबाईलवर रोज कुणीतरी पाठवतं, अणू बुद्धानं शोधला, क्वांटम का काय ते बुद्धानं सांगून ठेवलंय. जानेवारी २०१५ ला मुंबईत सायन्स काँग्रेस भरली, तिथं वेदकाळातल्या विमानांवर व्याख्यान झालं. तेव्हा आपण पोट धरधरून हसलो. आता तेच विमान निळ्या रंगात आपल्या व्हॉट्सअॅपवर उडतंय, तर जयभीम लिहून पुढं ढकलतोय. हसणाऱ्यांनी आपला आरसाही पुसून घ्यावा. १४ एप्रिलला वीस स्पीकरची भिंत लावली म्हणजे आधुनिक झालो असं नव्हे. विहार आठवडाभर कुलपात, कॅसेटमधली वंदना भोंग्यावर, ऐकायला कबुतरं.

मग धम्म करतो काय? यंत्र जे करत नाही असं काय करतो? जे मला दिसलं, ते सांगतो.

महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. पुढं १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली. गावोगावच्या आपल्या लोकांनी मेलेली ढोरं ओढणं टाकलं, येसकरकी टाकली. महार वतन रद्द करणारा कायदा १९५८ चा. लोकांनी कामं टाकायला सुरुवात केली ती त्याच्या कितीतरी आधी. कुठलं यंत्र आलं होतं ढोर ओढायला? कुठलंच नाही. गावानं मारलं, किराणा बंद केला, विहिरीवर अडवलं. तरी माणसं हटली नाहीत. ज्याच्या बापानं हेच आपलं काम असं मानून जन्म काढला, त्याच्या पोरानं एक दिवस सांगितलं, हे माझं काम नाही. हा बदल कुठल्या कारखान्यात तयार झाला? बाबासाहेबांनी १९३६ च्या त्या न झालेल्या भाषणात मांडलं होतं, की जात मनात असते आणि मनाला ती शास्त्रांनी पवित्र करून दिलेली असते. मनातली गोष्ट मनातच उपटावी लागते. यंत्र तिथवर पोचत नाही.

ऊना घ्या. ११ जुलै २०१६. मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या पोरांना गाडीला बांधून मारलं. मारणाऱ्यांनीच मोबाईलवर चित्रण केलं आणि मिरवायला म्हणून पसरवलं. तोच मोबाईल, तेच चित्रण, आणि गुजरात पेटलं. लोकांनी मेलेली जनावरं आणून सरकारी ऑफिसांसमोर टाकली. घ्या, तुमची माता, तुम्हीच उचला. तंत्रज्ञानाचं दोन तोंडी रूप यापेक्षा स्पष्ट कुठं दिसणार? मारणाऱ्याकडे प्रज्ञा होती, म्हणजे कॅमेरा चालवण्यापुरती होती. शील नव्हतं, करुणेचा तर पत्ताच नाही. शील नसलेली प्रज्ञा घातकी, हे ग्रंथात आहेच. पण गोष्ट इथं संपत नाही. एप्रिल २०१८ मध्ये त्या मार खाल्लेल्या कुटुंबानं आपल्याच गावात, शेकडो लोकांबरोबर, बौद्ध धम्म घेतला. व्हिडिओनं त्यांना जगभर पोचवलं होतं. केस चालू होती. तरी त्यांना धम्म घ्यावासा वाटला. का? जगानं त्यांना मार खाताना पाहिलं होतं, तसंच राहायचं नव्हतं म्हणून. मला तरी हे असं दिसतं.

रोहित वेमुलाचंही बघा. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठातला संशोधक. कार्ल सेगनसारखं विज्ञानावर लिहायचं त्याचं स्वप्न होतं. ताऱ्यांवर जीव लावणारा पोरगा, १७ जानेवारी २०१६ ला गेला. ज्याला श्रद्धा नको, विज्ञान हवं, त्याला विज्ञानाच्या घरात जागा मिळाली नाही. आणि त्याच वर्षी १४ एप्रिलला त्याच्या आईनं आणि भावानं मुंबईत दादरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

तुम्ही म्हणाल, खैरलांजीचं भोतमांगे कुटुंब बौद्धच होतं. २९ सप्टेंबर २००६ ला धम्मानं त्यांना वाचवलं का? नाही वाचवलं. धम्म चिलखत नाही. जो कुणी धम्म घेतल्यावर मार बसणार नाही असं सांगतो, तो ताईत विकतो. उलट मान वर केली म्हणून जास्त मारतात, हेही खरं. पोलीस, कोर्ट, संघटना, पैसा, मोबाईल, सगळं लागणार. कुणी म्हणेल संगणक सोडून चिवर घाला, तर त्याला मी पहिला विरोध करीन. आपल्या पोरींनी प्रोग्रॅमिंग शिकावं, गटार साफ करायचं यंत्र आपल्याच पोरांनी बनवावं आणि महापालिकेच्या गळ्यात मारावं.

पण ज्या दिवशी महापालिका म्हणेल, यंत्र महाग पडतं, तुझा माणूस स्वस्त पडतो, त्या दिवशी 'मी उतरत नाही' म्हणायचं बळ त्या माणसात कुठून येणार? पगाराची चिंता आहे, घरी तीन पोरं आहेत, मुकादम दारू देऊन उतरवायला तयार आहे. तिथं नुसतं माहिती असून भागत नाही. गटारात विषारी वायू असतो, हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तेव्हा वंदनेला यायचं की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं, मी हजेरी घेत नाही. ग्रंथ मात्र हातात घ्या, आणि मधूनच नको, ते चार प्रश्न आहेत तिथून सुरू करा. पुनर्जन्माबद्दल मी वर जे लिहिलंय ते खोडून काढणारं कुणी लिहून पाठवलं तर पुढच्या अंकात छापू, फक्त पानं दोनच्या वर नकोत. आमच्या वर्गात पहिले तीन प्रश्न झालेत. चौथा राहिलाय: भिक्खू हा स्वतःपुरता पूर्ण झालेला माणूस, की समाजाचा सेवक? येत्या रविवारी तो घ्यायचाय, आणि गटारखात्यातल्या दोघा कामगारांना बोलवलंय. त्यांची ड्यूटी दुपारी सुटते, म्हणून वर्ग चारला ठेवलाय.